बुरशीच्या मक्यातील एक विष आणि त्याचे नामकरण

रोगाचे नाव प्रथम त्याच्या लक्षणावरून पडते आणि कारण कळले म्हणजे ते बदलते, हा वैद्यकाच्या इतिहासातील नित्याचा क्रम होय. बुरशी लागलेल्या मक्यापासून डुकरांच्या पिल्लांना होणाऱ्या एका विकाराच्या बाबतीत मात्र नावाबरोबर पाहणाऱ्याची दृष्टीही बदलत गेली.

या विकाराचे वर्णन १९२८ साली अमेरिकेत मॅकनट, परविन व मरे या संशोधकांनी प्रसिद्ध केले. वयात न आलेल्या मादी पिल्लांचा योनिमुखाचा भाग लाल होऊन सुजतो. ती अकाली माजावर आली असावीत असे वाटते. विकार बळावल्यास योनी वा गुदद्वार बाहेर पडते. खाद्य बदलले म्हणजे सूज सामान्यतः ओसरते. त्या संशोधकांनी योजलेले 'भगयोनिशोथ' या अर्थाचे नाव केवळ लक्षणवाचक होते. संशय मक्यावर गेला होता. परंतु त्यातील अपायकारक द्रव्य अज्ञातच राहिले.

पुढे ३४ वर्षांनी, १९६२ साली, स्टॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिबरेला झीए' ही बुरशी लागलेल्या मक्यातून ते संयुग वेगळे केले. त्यांनी त्याचे वर्णन 'शरीरवर्धक व गर्भाशयवर्धक' असे केले. पिल्लाच्या दृष्टीने जो विकार, तो मांसोत्पादनाच्या दृष्टीने गुण ठरू शकत होता. याच संयुगापासून सिद्ध केलेले झेरानॉल पुढे अमेरिकेत गुरांच्या वाढीसाठी वापरात आले. युरोपीय समुदायाने मात्र १९८० नंतरच्या दशकात वाढीसाठी संप्रेरके वापरण्यास बंदी केली.

१९६६ साली अरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुगाची रचना निश्चित करून त्यास 'झिअरॅलेनोन' हे नाव दिले. त्याची फोड उद्बोधक आहे. 'झिअ' हा अंश बुरशीच्या नावातला, आणि बुरशीच्या नावात तो मक्याच्या शास्त्रीय नावावरून आलेला. 'रॅल' हा रिसॉर्सिलिक आम्लाच्या लॅक्टोनाचा संक्षेप. 'एन' द्विबंधाचा आणि 'ओन' कीटोनाचा निदर्शक. आज ती बुरशी 'फ्युझेरियम ग्रॅमिनिएरम' या नावाने ओळखली जाते. जुन्या नावाचा अवशेष विषाच्या नावात तेवढा उरला आहे.

या तिसऱ्या नावात रचना आहे, पण रोगी नाही. वस्तुतः डुक्कर या विषाला विशेष बळी पडते. हे द्रव्य स्त्री-संप्रेरकाप्रमाणे कार्य करते, आणि डुकराच्या यकृतात त्याचे मुख्यतः अधिक प्रभावी अशा आल्फा-झिअरॅलेनॉलमध्ये रूपांतर होते. युरोपीय संघाने २००६ साली खाद्यासाठी मार्गदर्शक मर्यादा सुचविल्या, त्यांत हा भेद स्पष्ट दिसतो: पिल्ले व तरुण माद्या यांच्यासाठी किलोग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम, तर प्रौढ माद्या व मांसासाठी पोसलेली डुकरे यांच्यासाठी ०.२५ मिलिग्रॅम.

१९२८ च्या नावाने रोगी दाखविला, पण कारण दाखविले नाही. १९६६ च्या नावाने कारण दाखविले, पण रोगी वगळला. खाद्याच्या परीक्षणात दोहोंचे ज्ञान एकत्र आले, तरच पिल्लाचे रक्षण होते.