खलाशी, परमिट आणि कुलाब्याची रात्र

रीगल सिनेमासमोरच्या चौकात उभे राहिलात तर एक भारदस्त दगडी इमारत दिसते. आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. कुलाब्याच्या पबचा इतिहास सांगायचा तर मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. लोकांना वाटतं, हा विषय हिप्पींपासून सुरू होतो. तसं नाही, तो खलाशांपासून सुरू होतो.

ही इमारत म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड 1870 मध्ये मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिला देणगी दिली. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे पुढे व्हीटी स्टेशन बांधणारा तोच. 1876 मध्ये ती पुरी झाली. खलाशांसाठी एवढा खर्च कशाला? कारण खलाशी हा त्या काळचा बॅकपॅकर. पाठीवर बोचकं, हातात अनेक महिन्यांचा एकदम मिळालेला पगार, शहरात ओळखीचं कुणी नाही, आणि जहाज सुटेपर्यंत मोकळा वेळ. तो गुत्त्यात लुटला जाऊ नये, दंगा करू नये, म्हणून त्याला स्वस्त आणि सभ्य बिछाना द्यायचा. अशी 'होम्स' ब्रिटिश साम्राज्याच्या बऱ्याच बंदरांत होती.

आता गंमत बघा. 1928 मध्ये सरकारने ही इमारत विधिमंडळासाठी घेतली. दारूपासून खलाशांना दूर ठेवायला बांधलेलं घर त्या विधिमंडळाचं झालं, ज्याने पुढे सगळ्या प्रांतालाच दारूपासून दूर ठेवायचं ठरवलं. आणि नंतर तिथे पोलीस आले. या कथेत इतका नीट क्रम दुसरीकडे कुठे सापडत नाही!

मुंबईत पहिली दारूबंदी आली 1939 साली, डॉ. गिल्डर खात्याचे मंत्री असताना. युद्धात ती ढिली पडली. मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, मागे मोरारजीभाईंचा हट्ट. लगेच कोर्टात आव्हान मिळालं. बलसारा खटल्यात 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी पाण्यासारख्या वस्तूंवरची बंदी मात्र उडवली. वकील मंडळींना हा निकाल पाठ असतो, आपण पुढे जाऊ.

आपल्याला महत्त्वाचं आहे ते 'परमिट'. कायद्याने माणसांचे गट पाडले. इथल्या माणसाला प्यायची असेल तर तब्येतीचं कारण आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट. परदेशी पाहुण्याला मात्र पर्यटक म्हणून सरळ परवाना. हॉटेलात परवानाधारकांनी बसायची खोली, ती 'परमिट रूम'. हा शब्द अजूनही आपल्या पाट्यांवर आहे, कळव्यापासून कोल्हापूरपर्यंत.

आणि ज्यांच्याकडे कागद नव्हता ते? ते गेले आंटीच्या अड्ड्यावर. गोवन ख्रिस्ती बायका घरामागे गाळायच्या, त्यावरून हे नाव रूढ झालं. पुढे हातभट्टीच्या पैशावर वरदराजन मुदलियारसारखे लोक मोठे झाले. म्हणजे एकाच शहरात, एकाच रात्री, गोऱ्या पाहुण्यासमोर बाटली आणि गिरणीकामगारासमोर फुगा. तो फुगा सायकलच्या ट्यूबमधून आलेला असायचा. कुलाब्याच्या झगमगाटाबद्दल बोलताना ही दुसरी बाजू सोडली तर इतिहास खोटा होतो.

हिप्पी आले ते या व्यवस्थेत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत खुष्कीने दिल्ली, आणि पुढे गोवा. मुंबई हा त्यांचा मुक्काम नव्हताच, थांबा होता. बँकेतून पैसे काढायचे, टपालातली पत्रं घ्यायची, भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या बोटीचं तिकीट काढायचं. 1961 पर्यंत पोर्तुगीज असलेल्या गोव्यात दारूबंदी नव्हती. पण त्या चार-दोन दिवसांत बिछाना लागायचा. तो ताजच्या मागच्या गल्ल्यांत मिळायचा: साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड वसतिगृह आणि भोवतालची गेस्ट हाऊसं. थोडक्यात काय, खलाशाच्या जागी प्रवासी आला आणि गल्ली तीच राहिली.

बसायला इराणी होते. लिओपोल्ड 1871 चं, आधी म्हणे तेलाचं ठोक दुकान. मॉन्डेगार 1932 चं, ज्याच्या भिंतींवर नंतर मारियो मिरांडांची चित्रं आली. एका चहावर तासभर बसू देणारा इराणी, साठच्या दशकात बंदी सैल होत गेल्यावर काही ठिकाणी बिअरवाला झाला. टेबलं तीच, गिऱ्हाईक नवं. हिंदी सिनेमाचे एजंट याच टेबलांवर यायचे: 'पार्टीच्या सीनमध्ये उभं राहायचं, दिवसाचे अमुक रुपये, जेवण फुकट.' पडद्यावरचा आपला 'फॉरेन' कितीदा तरी कॉजवेवरून उचललेला आहे.

1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा रस्ता संपला. लोक विमानाने येऊ लागले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियन तुरुंगातून पळालेला ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स मुंबईत आला. 'शांताराम' 2003 मध्ये आलं. नायकाला ते नाव एका मराठी खेड्यात मिळतं आणि तो मराठी शिकतो. पण पुस्तक घेऊन येणारे वाचक खेड्यात जात नाहीत, लिओपोल्डमध्ये जातात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तिथे गोळीबार झाला. काही दिवसांतच कॅफे उघडलं, आणि भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा ठेवल्या आहेत. लोक त्यांचे फोटो काढतात. मला ते बघवत नाही, पण मालकांनी त्या बुजवल्या नाहीत हे मला बरोबर वाटतं.

2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे कुठली खूण ठेवलेली नाही.

आणि परमिट? ते गेलेलं नाही. 1949 चा कायदा आजही लागू आहे. महाराष्ट्रात विदेशी मद्य प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. बरेच बारवाले त्याचं पुस्तक गल्ल्याजवळ ठेवतात; गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. पुढच्या वेळी बिल आलं की जरा विचारून बघा.