व्हिक्टोरिया गोदीतील आग

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्यांतली काही कापसाच्या गाठी असलेल्या मालकप्प्यातच भरलेली. दारूगोळ्याची खूण असलेला लाल बावटाही जहाजावर नव्हता. आगीचे मूळ सापडेना, तरी बंबवाले पाणी मारत राहिले. जहाज बुडवावे की बाहेर ओढून न्यावे, याचा निर्णय कोणी वेळेत घेतलाच नाही. तोच खरा घात. चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाजात काय भरले आहे आणि माघारीचा हुकूम कोण देणार, हे प्रश्न पाणी मारण्याआधीचे आहेत. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल आता देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.