लोटस, लूना आणि भातवडीचा चिखल

आमच्या ऑफिसात शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर एक वाद ठरलेला असतो. लोटस एलिस भारी की मझ्दा एमएक्स-५? वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही यातली एकही गाडी चालवलेली नाही, हे वेगळं सांगायला नकोच :) एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही आणि एलिसचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. मी नगरचा. (आता अहिल्यानगर, पण एसटीत बसल्यावर तोंडातून नगरच निघतं.) त्यामुळे माझं मत तिसऱ्याच गाडीला असतं. ती आमच्या गावात बनायची, आणि तिला पायडल होते.

हसू नका मंडळी, मुद्दा गंभीर आहे.

हलक्या गाडीचं गणित आधी बघू. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचं म्हणणं साधारण असं होतं की ताकद वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन कमी केलं की सगळीकडे पळते. वजनाची भानगड अशी की ते एकटं येत नाही. इंजिन मोठं घ्या, ते पेलायला चौकट जाड लागते. थांबवायला ब्रेक मोठे, त्यासाठी चाकं मोठी, आणि एवढं सगळं ओढायला परत इंजिन मोठं. आमच्या सॉफ्टवेअरसारखंच हो, एक लायब्ररी घेतली की मागून चाळीस येतात. उलट दिशेनेही हे चक्र फिरतं, पण तिकडे फिरवायला धीर लागतो.

एलिसने तो दाखवला. १९९६ सालची पहिली एलिस साधारण सव्वासातशे किलोची. इंजिन रोव्हरचं, १.८ लिटर, ताकद ११८ अश्वशक्ती, म्हणजे फार काही नाही. खरी कमाल चौकटीत. अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ दांडे वेल्डिंग न करता चक्क चिकटवलेले. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम सांध्यापाशी कमजोर होतं, म्हणून जाड घ्यावं लागतं. चिकटवलं तर पातळ चालतं. ती चौकट भरली ६८ किलो. हा आकडा लक्षात ठेवा.

एमएक्स-५ त्याआधीची, १९८९ सालची. इंजिन पुढे, ढकलणारी चाकं मागे, १.६ लिटर, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. यात चमत्कारिक काहीच नाही. सगळं ओळखीचं तंत्र, फक्त नीट जुळवलेलं. म्हणून ती स्वस्त, भरवशाची, आणि म्हणूनच जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. मझ्दाचे इंजिनिअर तिच्याबद्दल एक जपानी शब्द वापरतात, ‘जिंबा इत्ताई’. घोडा आणि स्वार एकच व्हावेत, असा त्याचा अर्थ. माझा निकाल विचाराल तर इंजिनिअरिंग एलिसचं, पण स्वतःच्या खिशातून पैसे जाणार असतील तर डोळे मिटून एमएक्स-५.

पण घोडा आणि स्वार म्हटलं की नगरच्या माणसाला जपानला जायची गरज पडत नाही. नगरपासून जवळच भातवडी आहे. १६२४ साली तिथे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यासमोर मुघल आणि आदिलशाही यांची एकत्रित फौज उभी होती. त्यांच्याकडे तोफा, हत्ती, मोठा सरंजाम. अंबराकडे हलक्या घोड्यांचे बारगीर. त्याने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि शत्रूच्या तळाचा चिखल केला. जड फौज रुतून बसली, रसद तुटली, आणि अंबराने ती लढाई जिंकली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पॉवर-टू-वेट रेशोचा इतका स्वच्छ प्रयोग कुठल्या टेस्ट ट्रॅकवर झाला असेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे त्याच नगरमध्ये आज रणगाड्यांचं संग्रहालय आहे (१९९४ सालचं, लहान मुलांना घेऊन जरूर जा). तिथल्या सेंच्युरियनचं वजन पन्नास टनांच्या वर. आणि त्याच गावातून भारतातली सगळ्यात हलकी म्हणावी अशी मोटारगाडी बाहेर पडत होती.

तर लूना. नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि १९७२ मध्ये लूना आली. मूळ गाडी इटलीची, पियाजिओची ‘चाओ’, १९६७ ची. पन्नास सीसीला किंचित कमी, टू-स्ट्रोक, दीड अश्वशक्तीच्या आसपास, वजन चाळीसेक किलो. म्हणजे एलिसची नुसती चौकट या अख्ख्या गाडीपेक्षा जड!

एवढी हलकी कशी? गिअरबॉक्स नाही. सेंट्रिफ्यूगल क्लच: इंजिन वेगाने फिरलं की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासतात आणि गाडी निघते, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत ओढून घेते. स्टार्टर नाही, पायडल मारा. मागे सस्पेन्शन नाही, सीटखाली स्प्रिंग. जे नाही ते बिघडत नाही, त्याचा स्पेअर पार्टही लागत नाही.

पण सगळ्यात मोठा सस्पेन्शन म्हणजे आपण स्वतः. एलिसमध्ये सत्तर किलोचा माणूस बसला तर एकूण वजन दहा टक्क्यांनी वाढतं. चाळीस किलोच्या मोपेडवर तोच माणूस बसला की वजन पावणेतीनपट होतं. मग गाडी कुठे वळणार, खड्ड्यात काय होणार, हे गाडी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. तुम्ही जरा कललात की ती वळलीच. जिंबा इत्ताई म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आमच्या आजोबांकडे लूना होती. पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट लागतो. तिथे लूनाचा जीव वर यायचा, आणि आजोबा इंजिनाला पायडलने हात (म्हणजे पाय) द्यायचे. आज याला हायब्रिड म्हणून जादा पैसे घेतात.

किमतीचं बघा. बजाज चेतकही त्याच १९७२ सालची. पण चेतक बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. शिक्षक, दूधवाले, नर्सबाई, कारकून यांना उद्या सकाळी कामावर पोचायचं होतं. सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ती जागा लूनाने भरली. स्पर्धा होतीच. सुवेगा तर आधीपासून, १९६५ ची, तिरुपतीची, फ्रान्सच्या मोटोबेकानच्या तंत्रावरची. पण खरा दणका दिला १९८० च्या टीव्हीएस ५० ने. ती दोन माणसांची मोपेड होती. भारतात गाडीवर नवरा एकटा बसत नाही, मागे बायको असते, पुढे पोर असतं, पिशवी असते. होसूरवाल्यांनी हे ओळखून मुळातच जरा दणकट गाडी बनवली. इथे माझ्या हलकेपणाच्या तत्त्वज्ञानाला तडा जातो, हे कबूल करायला हवं. पुढे पीयूष पांडे यांची ‘चल मेरी लूना’ जाहिरात आली आणि लूना घराघरात पोचली, पण नव्वदीत फोर-स्ट्रोक मोटरसायकलींनी अ‍ॅव्हरेज आणि वेग दोन्ही एकदम द्यायला सुरुवात केली, वर टू-स्ट्रोकच्या धुराचे नियम कडक झाले, आणि ती हळूहळू मागे पडली. टीव्हीएसची एक्सएल १०० मात्र फोर-स्ट्रोक होऊन आजही पोती वाहते आहे.

हलक्या गाडीची दुसरी बाजू आजीला पक्की माहीत होती. लूना पुणे रोडवर न्यायची नाही, हा तिचा कायदा. उसाचा ट्रक शेजारून गेला की नुसत्या हवेने हँडल हलतं, असं ती म्हणायची, आणि ते फिजिक्सने बरोबरच आहे. मी एकदा हिशोब मांडला होता. माणसासकट लूना ताशी ४० ने जाताना तिच्यात साधारण ७ किलोज्यूल ऊर्जा असते. एलिस शंभरने जाताना सुमारे ३१० किलोज्यूल. लूनाने कुणाला धडकून फारसं नुकसान व्हायचं नाही, पण तिला धडकणाऱ्याचं काय? सगळे हलके असतील तरच हलकेपणा सुखाचा. एकाने वजन वाढवलं की शेजाऱ्याला भीतीपोटी वाढवावं लागतं. एसयूव्ही का खपतात याचं अर्धं उत्तर मला यातच दिसतं.

मधे एक वेगळाच अंक झाला. गेल्या दशकात कायनेटिकने इटलीच्या एमव्ही अगुस्ताच्या मोटरसायकली नगरला जुळवून विकायला घेतल्या. त्यातली एफ३ ८०० म्हणजे १७३ किलो कोरडं वजन आणि १४८ अश्वशक्ती. चाओ आली त्याच देशातून, पण किंमत पंधरा लाखांच्या पुढे. ते फार काळ चाललं नाही. मला मात्र त्याचं अप्रूप आहे.

आणि लोटस? ती नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात अधिकृतपणे आली. कुठली गाडी घेऊन? एलेत्रे नावाची इलेक्ट्रिक एसयूव्ही, अडीच टनांच्या आसपास, अडीच कोटींच्या वर. शंभरच्या वेगात तिची ऊर्जा हजार किलोज्यूलच्या घरात जाते. चॅपमनसाहेब १९८२ मध्येच गेले, ते बरं झालं म्हणायचं. एमिरा ही खरी स्पोर्ट्स कार मागाहून आली, तीही तीन कोटींच्या पुढे.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, कायनेटिक ग्रीनने ई-लूना आणली. तीही नगरचीच. दोन किलोवॅट-तासाची बॅटरी, वेग ताशी पन्नास, किंमत सत्तर हजारांच्या आसपास, वजन ९६ किलो. चाळीसवरून ९६ म्हणजे तीही जाडच झाली, पण दीडशे किलो माल वाहते, आणि आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांत एवढं वजन कमीच म्हणायचं. मी एक चालवून बघितली. सहज वळते, आवाज नाही, गर्दीत मजा येते. फक्त तिला पायडल नाहीत, त्यामुळे करंजी घाट चढायचा असेल तर निघण्याआधी चार्जिंग बघून घ्या.