हलके ब्लॉक वापरले की घर खरंच स्वस्तात होतं का?

घर बांधायला काढलं की एक सल्ला हमखास मिळतो: 'लाल विटा कशाला? एएसी ब्लॉक घ्या. हलके असतात, पैसे वाचतात.' हलके असतात हे खरं. पण पैसे वाचतील की नाही, हे घराचं वजन कशावर उभं आहे यावर ठरतं.

एएसी ब्लॉक म्हणजे काय?

स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात ही पद्धत शोधली गेली. औष्णिक वीज केंद्राची राख किंवा वाळू, सिमेंट, चुना, जिप्सम आणि किंचित अ‍ॅल्युमिनियम पावडर एकत्र कालवतात. पावडरमुळे हायड्रोजन वायू तयार होतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं. मग ते कापून दाबाखालच्या वाफेत पक्कं करतात.

६०० × २०० × २०० मिमीचा ब्लॉक नऊ-दहा लाल विटांची जागा भरतो. कोरड्या ब्लॉकचं वजन सुमारे १५ किलो. तेवढीच विटांची भिंत, सिमेंटच्या मालासकट, ४० किलोच्या वर जाते.

पैसे कुठे वाचतात?

इमारत आरसीसी कॉलम-बीमवर उभी असेल तर. भिंतींचं वजन घटलं की इंजिनिअरला कॉलम, पाया आणि लोखंड कमी धरता येतं. पण विटांचा हिशोब धरून डिझाइन झाल्यावर ब्लॉक आणले, तर ही बचत हातून जाते.

भिंतींवरच स्लॅब पेलणारं लहान घर असेल, तर ब्लॉकच्या हलकेपणापेक्षा त्याची ताकद महत्त्वाची. एएसी ब्लॉक मुख्यतः दोन कॉलममधली जागा भरायला वापरतात. लहान घरासाठी मग दोन पर्याय पाहा:

• फ्लाय अ‍ॅश वीट: भट्टीत भाजावी लागत नाही, शेतातली सुपीक मातीही लागत नाही. वजन मात्र लाल विटेइतकंच. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा वीज केंद्रांमुळे महाराष्ट्रात राख मिळते.

• दाबून केलेला मातीचा ठोकळा: मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने यावर १९७०च्या दशकापासून काम केलं आहे. नुसती काळी माती चालत नाही, ती फुगते आणि आकसते.

भूकंपात काय?

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरं कोसळून हजारो लोक दगावले. वजन जितकं जास्त, तितका भूकंपाचा धक्का मोठा बसतो. मात्र हलकी भिंतही नीट बांधलेली हवी. भिंतींवर घर असेल तर दारं-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा घ्या.

ब्लॉक घेताना

ब्लॉक पाण्यात भिजत घालू नका, फक्त वरून ओलसर करा. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी लावा, नाहीतर तडे जातात. आणि भाव विचारताना वाहतूक व फूटतूट धरूनच विचारा. कारखाना लांब असेल तर जवळची फ्लाय अ‍ॅश वीटच परवडते.