भांड्यांची घासणी : भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

धातूच्या भांड्यांचा इतिहास बहुधा ती घडविणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो; ती रोज घासणाऱ्यांच्या अंगाने क्वचितच. भंडारा जिल्ह्यापुरता हा दुसरा पक्ष प्रस्तुत टिपणात मांडावयाचा आहे.

'भाणा' म्हणजे पितळी भांडे, त्यावरून 'भंडारा' हे नाव आले, असे सांगितले जाते. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील इ. स. १११४ च्या शिलालेखात खंडणी देणाऱ्या मंडलांत 'भाणार' हे नाव येते. नाव इतके जुने असल्याने ही व्युत्पत्ती निर्विवाद मानता येत नाही. परंतु पितळकामाबद्दलचा गावाचा लौकिक मात्र निर्विवाद आहे.

याच वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारे व ऊस पिकविणारे कोहळी लोक राहतात. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांच्या या दोन्ही कौशल्यांची नोंद आहे. ऊस आला की गुळाची कढई आली. उसाचा रस किंचित आम्ल असतो. भांड्यात राहिलेला रस लवकर आंबतो आणि तळाशी करपलेला थर पुढच्या गुळाचा रंग बिघडवितो. म्हणून प्रत्येक आधणानंतर कढई धुणे हा गूळ करण्याचाच भाग होय. लोखंडी कढई खरवडणे सोसते. तांब्यापितळेचे तसे नाही. आंबट पदार्थात तांबे उतरते व अन्न कळकते. यावर उपाय म्हणजे कल्हई : तापविलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने पसरणे. बाहेरून चिंच व राख चालते. आतून जोराने घासल्यास कथीलच निघून जाते. हात कोठे आवरावयाचा, हे घासणारीला ठाऊक असावे लागे.

१९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद सिद्ध केले. स्वातंत्र्योत्तर काळात ते आपल्या घरोघरी आले आणि कल्हईवाल्याची फेरी विरळ झाली. घासणीचे ज्ञान मात्र संपले नाही, ते बदलले. या पोलादावरील क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा ओरखडल्यास हवेत पुन्हा धरतो. परंतु मीठ किंवा क्लोरिनयुक्त द्रावण त्यात साचून राहिल्यास बारीक खड्डे पडतात. कॅनडात मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. तेथील पोलादी टाक्यांत कॅल्शियम मॅलेटचा वाळूसारखा थर बसतो. तो शिर्क्यासारख्या सौम्य आम्लाने काढून टाकी स्वच्छ पाण्याने धुतात. जे आम्ल पितळेचा शत्रू, तेच येथे साहाय्यक ठरते.

आज भंडाऱ्यालगत वरठी येथे पोलादाचा कारखाना उभा आहे. त्याचा इतिहास कागदपत्रांवरून लिहिता येईल. राख, चिंच व कथील यांचा इतिहास मात्र कागदावर नाही; तो वृद्ध कासार, कल्हईवाले आणि घरातील स्त्रिया यांच्या स्मरणात आहे. ही पिढी सरली म्हणजे हे साधनही सरेल. जिल्ह्याच्या अभ्यासकाने दप्तरखान्याआधी त्यांच्या दारी जाणे इष्ट होय.