अगाथोक्लीस

अगाथोक्लीस : (कारकीर्द सु. इ. स. पू. १९०–१८०). हिंदुकुशाच्या दोन्ही अंगांच्या मुलखावर अल्पकाळ अंमल केलेला बॅक्ट्रियन-ग्रीक राजा. प्राचीन ग्रीक व रोमन इतिहासकारांनी त्याच्या कारकिर्दीचा वृत्तान्त दिलेला नसल्यामुळे त्याच्याविषयीचे ज्ञान जवळजवळ सर्वस्वी नाण्यांवर अवलंबून आहे.

कुळ : नाण्यांच्या घडणीतील साम्यावरून पँटॅलिऑन हा राजा त्याचा निकटचा आप्त असावा. दोघे यूथिडीमसच्या घराण्यातील की डायोडोटसच्या, याविषयी मतभेद आहेत.

नाणी : त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाची मुखाकृती व दुसऱ्या बाजूस हेकटी देवीस हाती धरलेला झ्यूस आहे. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नाणी पाडणाऱ्या जगातील आद्य राजांत त्याची गणना होते. अलेक्झांडर, डायोडोटस, यूथिडीमस, डीमीट्रियस, पँटॅलिऑन इत्यादी पूर्वसूरींच्या स्मरणार्थ त्याने काढलेल्या मालिकेत तो स्वतःस ‘डिकायोस’, म्हणजे न्यायी, म्हणवितो. आपल्या गादीच्या हक्कास पूर्वपरंपरेची सनद मिळवून देण्याचा हा यत्न असावा, असे बहुतेक नाणकशास्त्रज्ञ मानतात.

भारतीय दृष्टीने सर्वांत मोलाचा ठेवा १९७० मध्ये उजेडात आला. ऑक्सस व कोकचा या नद्यांच्या संगमावरील आय-खानुम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना भारतीय तौलमानाची त्याची सहा चौकोनी रौप्यनाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूस ग्रीक लेखासह हल व मुसल धारण केलेला संकर्षण, तर दुसऱ्या बाजूस ‘राजिने अगथुक्लयेस’ अशा ब्राह्मी लेखासह चक्र व शंख घेतलेला वासुदेव अंकित आहे. या देवतांच्या उपलब्ध प्रतिमांत या अत्यंत प्राचीन होत. विदिशेजवळचा, ग्रीक राजदूत हेलिओडोरसने वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला गरुडध्वज आणि ज्यात याच दोन देवांना वंदन केले आहे तो जुन्नरजवळील नाणेघाटाचा सातवाहन लेख, हे दोन्ही यानंतरचे आहेत. अगाथोक्लीसच्या तांब्याच्या नाण्यांवरील कमलधारिणी स्त्री लक्ष्मी की अन्य कोणी, हे विवाद्य आहे.

उत्तरकाळ : पुढे बॅक्ट्रियाचे राज्य यूक्रेटाइडीझ या राजाने बळकावले.

अगाथोक्लीसच्या पराक्रमाची नोंद कोठेही नाही. तथापि प्रजेची लिपी व प्रजेचे देव यांना राजमुद्रेवर मानाचे स्थान देणाऱ्या या राजाची नाणी वासुदेव-संकर्षणांची उपासना करणाऱ्या भागवत संप्रदायाच्या इतिहासाचे प्रथम श्रेणीचे साधन ठरली आहेत.