रॉकेलच्या चिमणीपासून गॅसच्या टाकीपर्यंत : भाव कोण ठरवतो?

महागाईविरोधात मोर्चा काढू या, असे म्हटले की आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. "महागाई तर सगळ्यांनाच आहे, त्यात आंबेडकरी असे काय? हा डाव्यांचा प्रश्न, आपला प्रश्न जातीचा." हे वाक्य आम्ही बैठकांमध्ये अनेकदा ऐकले आहे. ते का चूक आहे, हे सांगण्यासाठी हा लेख. आणि ते सांगायचे तर सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल.

१९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा भाव पडला की निर्यात वाढते, व्यापार वाढतो, देशाचा फायदा होतो, असे त्या काळी व्यापारी आणि कारखानदार छातीठोकपणे सांगत. बाबासाहेबांनी विचारले, फायदा नेमका कोणाचा? रुपया पडला की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातात जो जादा पैसा दिसतो तो परदेशातून आलेला नसतो, तो इथल्याच मजुराच्या ताटातून उचललेला असतो. महागाई म्हणजे एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात होणारी पैशाची बदली, हा त्या विवेचनाचा गाभा आहे.

आता खिसे कोणाचे ते पाहा. ज्याच्या पगाराला महागाई भत्ता जोडलेला आहे, त्याचा खिसा थोडाफार तरी शिवलेला असतो. भाव वाढले की काही महिन्यांनी भत्ता वाढतो. पण कंत्राटी सफाई कामगार, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई, ऊसतोडीला जाणारे जोडपे यांना कोण भत्ता देतो? आणि ही माणसे बहुतांश कोणत्या जातींतून येतात, हे आम्ही सांगायची गरज आहे का? "महागाई सगळ्यांनाच आहे" हे अर्धसत्य आहे. महागाई सगळ्यांना दिसते, पण ती भरून काढण्याची सोय मोजक्यांनाच आहे.

हे तत्त्व हातात धरून आपण तेलाच्या इतिहासाकडे जाऊ.

स्वातंत्र्यानंतर देशातला तेलाचा धंदा बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (पुढे एस्सो) आणि कॅल्टेक्स या विदेशी कंपन्यांच्या हातात होता. १९५१ च्या करारांनुसार मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला, चेंबूर-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ साली सुरू झाला, बर्मा-शेलचा १९५५ साली. या करारांत सरकारने पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी दिली होती. भाव ठरवण्याची रीतही मोठी गमतीची होती. तेल शुद्ध होई मुंबईत, पण गिऱ्हाइकाकडून भाव घेतला जाई तो जणू तयार माल इराणच्या आखातातून जहाजाने आला आहे असा. म्हणजे आखातातला भाव, वर जहाजभाडे, वर विमा. जो प्रवास त्या मालाने केलाच नाही, त्याचे भाडे आपल्या आजोबांनी रॉकेलच्या बाटलीमागे भरले.

१९६० साली सोव्हिएत रशियाने स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांत ते शुद्ध करायला साफ नकार दिला. देश स्वतंत्र होता, कारखाने देशाच्या भूमीवर होते, पण भट्टीत काय घालायचे हे कंपन्या ठरवत होत्या. या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठीच सरकारी इंडियन ऑइल उभी राहत होती. पुढे १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेले. १९७४ साली एस्सोचे आणि १९७६ साली बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यातून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या आल्या.

त्याच सुमारास भाव ठरवण्याची नवी सरकारी व्यवस्था आली. कंपनीला तिचा खर्च आणि वर ठरलेला परतावा मिळे. पेट्रोल आणि विमानाचे इंधन महाग ठेवले जाई, रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस स्वस्त. मधला फरक 'ऑइल पूल' नावाच्या खात्यात जमा-खर्च होई. व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. स्वस्त गॅसचा लाभ दीर्घकाळ शहरी मध्यमवर्गाने घेतला. आपल्या वस्तीत टाकी फार उशिरा आली. आपल्या वाट्याला आले ते रेशनचे निळे रॉकेल, आणि तेही पूर्ण मिळाले नाही. मधल्या मध्ये ते डिझेलमध्ये भेसळीला गेले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले, ते हीच भेसळ पकडायला गेले म्हणून. तरीही आपल्यातल्या कित्येकांची पहिली पिढी त्या रॉकेलच्या चिमणीखाली शिकली, हे विसरू नका. २०११ च्या जनगणनेतही देशातली ३१ टक्के कुटुंबे उजेडासाठी रॉकेलवर अवलंबून होती.

मग ही व्यवस्था पायरीपायरीने मोडली गेली. १ एप्रिल २००२ ला तिचा औपचारिक शेवट झाला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मुक्त झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. १६ जून २०१७ पासून देशभर रोज भाव बदलू लागले. रेशनच्या रॉकेलचा भाव २०१६ पासून थोडाथोडा वाढवत नेला आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात त्याचे अनुदान शून्यावर आणले. हे काम एका पक्षाने केलेले नाही. आज एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोन्ही प्रमुख पक्षांच्या सरकारांनी ते आळीपाळीने केले आहे.

सांगितले गेले की आता भाव बाजार ठरवेल. बाजार कसा चालतो ते पाहा. एप्रिल २०२० मध्ये भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत पिंपामागे २० डॉलरच्या खाली आली. बाजार खरा असता तर पंपावरचा भाव कोसळायला हवा होता. लॉकडाऊनमध्ये लाखो मजूर पायी गावाकडे चालले होते. त्याच दिवसांत, मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात, केंद्र सरकारने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. पेट्रोलवरचा केंद्रीय कर ३२.९८ रुपये झाला. एप्रिल २०१४ मध्ये तो ९.४८ रुपये होता. पेट्रोलियम पदार्थांवरील केंद्रीय उत्पादन शुल्काची वसुली २०१९-२० मध्ये सुमारे २.२३ लाख कोटी होती, ती २०२०-२१ मध्ये सुमारे ३.७३ लाख कोटी झाली. वाढ दीड लाख कोटींची. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकर कमी करण्यात आला आणि त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच जाहीर केले होते. बाबासाहेबांनी १९२३ साली विचारलेला प्रश्न पुन्हा विचारा : कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात?

निवडणुका आल्या की मात्र हा बाजार झोपी जातो. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या हंगामात, ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस भाव जागचे हलले नाहीत. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये वाढले. डिझेलचे कारण सांगून एसटीने त्याआधीच ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे १७ टक्क्यांनी वाढवले होते. ज्याच्या दारात गाडी नाही, जो पेट्रोल पंपावर कधी जात नाही, तोही डिझेलचा कर असा भरतो : तिकिटात, भाजीत, पिठाच्या पिशवीत.

आता नफ्याकडे वळू. २०२३-२४ या वर्षात इंडियन ऑइलने ३९,६१९ कोटी, भारत पेट्रोलियमने २६,६७३ कोटी आणि हिंदुस्थान पेट्रोलियमने १४,६९४ कोटी रुपये निव्वळ नफा कमावला. तिघांचा मिळून सुमारे ८१ हजार कोटी. कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी युक्रेन युद्धामुळे तेल भडकले असताना त्यांनी भाव गोठवून ठेवले होते आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला ८,९७४ कोटींचा तोटा झाला होता. मान्य. पण गॅसवरच्या तोट्यापोटी सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिन्ही कंपन्यांना २२ हजार कोटी दिले, तेही जनतेच्याच तिजोरीतून. पुढे कच्चे तेल उतरले, रशियाचे सवलतीचे तेल मोठ्या प्रमाणात येऊ लागले, तरी एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ पंपावरचा भाव कंपन्यांनी खाली आणला नाही. निवडणूक तोंडावर आली तेव्हा दोन रुपये उतरले. १९६० साली विदेशी कंपन्यांनी स्वस्त रशियन तेल नाकारले. २०२२ नंतर आपल्या कंपन्यांनी ते घेतले, पण त्याचा स्वस्तपणा वस्तीपर्यंत पोहोचला नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत गॅसची टाकी ११०२ रुपये ५० पैशांवर होती. तोटा झाला की तो देशाचा, आणि नफा झाला की तो ताळेबंदाचा, हा कुठला हिशेब?

मग राष्ट्रीयीकरणाचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. इथेच बाबासाहेबांचे दुसरे म्हणणे लक्षात घ्यावे लागते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ही व्यवस्था साध्या कायद्याने नव्हे, तर संविधानानेच घालून द्यावी, म्हणजे आज आलेले बहुमत ती उद्या मोडू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मानला गेला नाही. परिणाम पाहा. २००३ साली हिंदुस्थान आणि भारत पेट्रोलियम विकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राष्ट्रीयीकरणाचे कायदे संसदेने बदलल्याशिवाय हे करता येणार नाही. २०१६ साली जुने, निरुपयोगी कायदे रद्द करायचे म्हणून एकगठ्ठा विधेयक आले आणि १९७६ चा बर्मा-शेल कायदा त्यात गुपचूप निघून गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने भारत पेट्रोलियममधला सरकारचा सगळा हिस्सा विकायला मंजुरी दिली. खरेदीदार मिळाले नाहीत म्हणून २०२२ साली ती विक्री बारगळली, आपल्या ताकदीने नाही. विक्री झाली असती तर त्या कंपनीतल्या नोकऱ्यांमधले आपले आरक्षणही त्याच दिवशी गेले असते. भावाचा प्रश्न आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न वेगळे नाहीत, ते असे.

राज्य आणि केंद्र एकमेकांकडे बोट दाखवतात, तेही नवे नाही. पेट्रोलवर कर लावण्याचा हक्क केंद्राचा की प्रांताचा, हा वाद १९३८ साली आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायद्यावरूनच फेडरल कोर्टात गेला आणि कोर्टाने प्रांताच्या बाजूने मत दिले. आज केंद्राने त्यातून पळवाट काढली आहे. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचा कर १९.९० रुपये होता, त्यातले राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये. उरलेले सगळे उपकर आणि अधिभार, ज्यात राज्यांना वाटा नाही. महाराष्ट्र सरकारही निष्पाप नाही. तेही आपला व्हॅट आणि वर अधिभार घेतेच. पण तिजोरी आटली, असे सांगून जेव्हा शिष्यवृत्ती रखडवली जाते, तेव्हा हा १.४० चा आकडा पुढे ठेवा.

मित्रांनो, करायचे काय? एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री असताना किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. राहणीमानाचा खर्च वाढेल तसा विशेष भत्ता वाढवण्याची तरतूद त्या कायद्यात होती. वेतन संहिता, २०१९ मध्येही ते तत्त्व कायम आहे. महाराष्ट्रात हा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, नव्याने जाहीर होतो. आपल्या वस्तीतले किती सफाई कामगार, किती सुरक्षारक्षक तो मिळवतात? पगाराची पावती हातात घेऊन घरोघर विचारा. जिथे ठेकेदार तो गिळतो, तिथे कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. महागाईविरोधी लढ्याची पहिली पायरी इथे आहे.

दुसरी पायरी मागण्यांची. एक लिटर तेल कोणत्या भावाने घेतले आणि मधला फरक कुठे गेला, याचा हिशेब दरमहा जाहीर झाला पाहिजे. इंधनावरचे उपकर वाटणीत आले पाहिजेत. आणि जनतेच्या मालकीच्या कंपन्या संविधानाच्या संरक्षणाखाली आल्या पाहिजेत, बाबासाहेबांनी १९४७ सालीच सांगितल्याप्रमाणे.

पुढच्या बैठकीत कोणी म्हणाले की महागाई आपला प्रश्न नाही, तर त्याला आधी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचायला द्या. मग त्याच्या आईला विचारा, या महिन्यात टाकी भरली की पुन्हा चूल पेटवली?

जय भीम!